कूलरसमोरची चप्पल

उन्हाळ्याच्या दुपारी आमचा हॉल पाण्याखाली गेल्यासारखा वाटायचा. मम्मीने खिडक्यांना जुन्या हिरव्या साड्यांचे पडदे शिवले होते. बाहेरचं पांढरं ऊन त्यातून आत येता येता विरघळायचं आणि फरशीवर नुसती हिरवट सावली उरायची. कोपऱ्यात पत्र्याचा कूलर घरघरत असे. त्याच्या वाऱ्याला भिजलेल्या वाळ्याचा वास यायचा. मी दिवाणावर पडून, पुस्तक तोंडावर घेऊन, झोप आणि जाग यांच्या मधल्या जागेत तासन् तास तरंगत असे. मुकुंदवाडी स्टेशनातून सुटणारी गाडीसुद्धा त्या वेळी कुठूनतरी फार खोलवरून गेल्यासारखी वाटायची.

त्या कूलरच्या समोर एक निळी रबरी चप्पल ठेवलेली असे. तिचे अंगठे झिजलेले होते आणि डाव्या पायाचा पट्टा तारेने बांधलेला होता. ती घालून कुणी बाहेर जात नसे. कूलरमध्ये पाणी ओतायचं झालं की मम्मी आपली नेहमीची चप्पल असल्यासारखी ती पायात सरकवायची, हंडा उचलायची, पाणी ओतायची आणि पुन्हा चप्पल तिथेच काढून ठेवायची. देवघरातल्या घंटेला जशी जागा असते तशी तिला जागा होती. कुणी पाहुण्याने विचारलं नाही, आणि आम्हीही कधी सांगितलं नाही, की ही चप्पल घातली नाही तर कूलर चावतो.

मी तेव्हा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होते. कमी बोलायचे. शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे वर्गात मराठी बोललं की दंड आणि घरी इंग्रजी बोललं की हसू, अशा दोन्हीकडून मी गप्प राहायला शिकले होते. गप्प माणसाला दिसतं मात्र पुष्कळ. चप्पल कधीपासून तिथे आली हे मला नेमकं माहीत होतं. का आली हेही माहीत होतं. निदान मला तसं वाटत होतं.

आमच्या घराचं लाईटचं सगळं काम पप्पांनी स्वतः केलं होतं. पप्पा सरकारी कचेरीत कारकून. फुलंब्रीजवळच्या गावातून शिकायला म्हणून शहरात आलेले, आणि शेतकऱ्याच्या घरात असतो तसा त्यांच्या हाताला स्वतः करून बघण्याचा चाळा होता. घर बांधलं तेव्हा मी चौथीत असेन. भिंतीत पुरलेल्या पाइपातून ते लाल, काळ्या, हिरव्या वायरी ओढायचे आणि मी खाली उभी राहून टॉर्च धरायचे. भिंतीच्या एका भोकात घातलेली वायर पलीकडच्या खोलीत बाहेर निघायची, तेव्हा मला ती घराच्या आतून प्रवास करून आल्यासारखी वाटायची. टेस्टरच्या मुठीत एक तांबडा ठिपका पेटायचा. पप्पा म्हणायचे, "हा बघ, जागा हाय." जणू भिंतीत कुणीतरी राहत होतं.

मीटर मिळायला टेस्ट रिपोर्ट लागतो, म्हणजे लायसन असलेल्या वायरमनने काम तपासून सही केलेला कागद लागतो, हेही मला तेव्हाच कळलं. पप्पांनी एक सही मिळवली. सही करणारा माणूस आमच्या घरी कधी आला नाही. मम्मीने विचारलं, "अहो, पण त्यांनी बघितलं कुठं?" तर पप्पा म्हणाले, "त्यानं बघून काय नवीन दिसणार हाय? घर आपलं, तार आपली." आमच्या घरात पप्पांच्या कामाला कुणी नाव ठेवत नसे, कारण ते खरोखरच नीटनेटकं असे. प्रत्येक बटनाखाली त्यांनी बारीक अक्षरात चिकटपट्टी लावली होती: पंखा, ट्यूब, देवघर.

त्यांना सगळ्यात अभिमान होता तो अर्थिंगचा. मागच्या बाजूला, कपडे धुवायच्या दगडापाशी, त्यांनी स्वतः कमरेइतका खोल खड्डा खणला. त्यात तांब्याची पट्टी उभी केली, मग कोळसा आणि मिठाचे थर भरले, आणि वर एक प्लास्टिकचा पाइप ठेवून सिमेंटचं झाकण बसवलं. कुठल्या पत्र्यात चुकून करंट उतरला तर तो माणसाच्या अंगातून न जाता या खड्ड्यातून जमिनीत जाणार. पण जमीन ओली पाहिजे. कोरडी माती करंट घेत नाही. म्हणून उन्हाळ्यात दर रविवारी त्या पाइपात एक बादली पाणी घालायचं. ते काम माझ्याकडे होतं.

आता आमच्याकडे पाण्याचं काय असतं ते इथल्या माणसाला सांगायला नको, पण बाहेरच्यांना सांगायला हवं. नळाला पाणी रोज येत नाही. त्या उन्हाळ्यात ते आठव्या दिवशी यायचं. घरभर ड्रम, पिंपं, हंडे, कळशा भरून ठेवायच्या आणि पुढचे सात दिवस ते पुरवायचं. आंघोळीला माणशी एक बादली. माझे केस तेव्हा कमरेपर्यंत होते. एका बादलीत ते धुतले जात नसत, आणि दुसरी बादली मागायची मला लाज वाटायची.

मार्चच्या एका रविवारी मी अर्थिंगची बादली घेऊन मागे गेले, आणि तिथेच दगडावर बसून केस धुतले. मऊ, थंड, पुरेसं पाणी. फेस दगडावरून वाहत गटाराकडे गेला. खड्ड्याचा पाइप दोन हातांवर होता, कोरडा. पुढच्या रविवारी मी पुन्हा तेच केलं. पप्पा आतून विचारायचे, "घातलं का गं पाणी?" मी म्हणायचे, "हो." ओले केस पंच्याखाली असायचे.

एप्रिलमध्ये कूलर चावायला लागला.

पहिल्यांदा मम्मीला जाणवलं. पाणी ओतताना मनगट कडेला टेकलं आणि ती "स्स" करून मागे झाली. मग हसली. "मुंग्या आल्यासारखं झालं." दुसऱ्या दिवशी तिने बाहेरची जुनी चप्पल धुऊन आत आणली. मी दिवाणावरून बघत होते. तिने माझ्याकडे पाहिलं आणि हळूच म्हणाली, "पप्पांना सांगू नको हं."

"का?"

"सांगितलं की लगेच पेचकस घेऊन बसतील. चालू लाईटीत हात घालतात ते, मला बघवत नाही. दोन महिन्यांचा तर प्रश्न आहे. पाऊस पडला की कूलर बंदच."

म्हणजे तिला त्यांच्यासाठी भीती वाटत होती, आणि मला तिच्यासाठी. मी पुन्हा पुस्तक तोंडावर ओढलं. पुस्तकाच्या आतल्या अंधारात मला तो खड्डा दिसायचा: मीठ पांढरं पडलेलं, कोळसा भुरभुरीत, आणि तांब्याची पट्टी एखाद्या कोरड्या विहिरीत उभी राहिल्यासारखी. शाळेत याच विषयावरचं उत्तर मी इंग्रजीत आकृतीसकट लिहून पाचपैकी पाच मार्क मिळवले होते. तेच उत्तर हॉलमधून स्वयंपाकघरापर्यंत चालत जाऊन मराठीत सांगणं मला जमत नव्हतं. आज सांगू, उद्या सांगू म्हणत दुपारी सरत होत्या. रविवारी घालू म्हणावं, तर मे महिन्यात पाणी इतकं तुटलं की मम्मीनेच म्हटलं, या आठवड्यात अर्थिंगची बादली राहू दे. मला सुटल्यासारखं वाटलं.

मेच्या मध्यात फुलंब्रीकडून आत्या आली, पप्पांची धाकटी बहीण. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन करायचं होतं, त्याच्या तपासण्यांसाठी ती आठ-दहा दिवस राहणार होती. आत्या आली की घराचा आवाज बदलायचा. ती बसच्या दारातून उतरतानाच बोलायला सुरुवात करत असावी आणि आमच्या घरी येईपर्यंत वाक्य अर्ध्यावर आलेलं असे.

आल्या आल्या तिने गार वाऱ्यासाठी कूलरला पाठ लावली आणि टुणकन पुढे उडाली.

"अगं बाई! वयनी, तुमचा कूलर चावतोय की!"

मम्मीने घाईने तोंडावर बोट ठेवलं. पप्पा मोरीत हातपाय धूत होते.

"गप कशाला बसू? चावतोय तर चावतोय. आमच्या विहिरीवरच्या मोटारीची पेटी बी अशीच हाय. रोज सकाळी सलाम करती." तिने उजवा हात उलटा केला, बोटांच्या मागच्या बाजूने पत्र्याला हलकेच शिवून पाहिलं आणि झटकला. "व्हय. हाय. ह्यो उलट्या हातानं बघायचा असतो, बाय माझी," हे मला. "सुलट्या हातानं धरलं तर मूठ मिटती आन् सुटत नाय. आमच्याकडं एकाची म्हैस गेली अशीच, तारेला चिकटून."

रात्री जेवताना तिने पप्पांना सांगितलंच. "दादा, एवढा शिकलास, घरभर चिठ्ठ्या चिकटवल्यास, आन् कूलरला कुत्र्यावानी पाळलास व्हय? ओळखीच्याला बी चावतंय."

पप्पांचा घास हातात राहिला. त्यांनी मम्मीकडे पाहिलं. "कधीपासून?"

"थोडंसंच होतं हो. चप्पल घातली की नाही लागत."

पप्पा उठले, टेस्टर आणला. पत्र्याला लावला तर आतला ठिपका पेटला, पण मंद, पणती विझता विझता असते तसा. त्यांनी प्लगचे स्क्रू आवळले, पुन्हा लावून पाहिला, पुन्हा तसाच मंद. मग ते म्हणाले, "एवढं चालतं. लोखंडी बॉडीला एवढं असतंच. आपलं अर्थिंग पक्कं हाय, त्यामुळं जिवाला धोका नाय. दर रविवारी पाणी पडतंय. काय गं?"

तिघंही माझ्याकडे बघत होते. माझ्या ताटात भाकरीचा एक तुकडा होता. मी त्याचे आणखी दोन तुकडे केले.

"हो," मी म्हणाले.

आजवर मी जितकं खोटं बोलले असेन त्यात हा एक शब्द सगळ्यात लहान आणि सगळ्यात जड आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याने देवपूजा केली. हॉलच्या त्याच भिंतीवर आमचं लहानसं देवघर आहे, कूलरपासून चार पावलांवर. तिने डोळे उघडले तर समोर निळी चप्पल. "देवापुढं पायताण?" म्हणून तिने ती दोन बोटांत उचलली आणि दाराबाहेर नेऊन ठेवली. मी ते पाहिलं. मला वाटलं, मम्मी बघेल आणि परत आणेल.

त्या दिवशी पाण्याचा दिवस होता. पाणी दुपारी दोनला आलं. पाणी आल्यावर घराचं काय होतं ते स्वप्नात घडल्यासारखं वेगाने आणि गोंधळात होतं: गल्लीत मोटारी सुरू झालेल्या, प्रत्येक दारात पाइपांची वेटोळी, "आलं, आलं" अशा हाका, ओल्या पायांचे ठसे हॉलभर. मी ड्रम भरून झाल्यावर दिवाणावर येऊन टेकले होते. कूलर चालू होता. मम्मी नळाचा पाइप ओढत थेट हॉलमध्ये आली. आज हंडा कशाला, पाइपच सोडते टाकीत, असं काहीतरी म्हणाली. तिची साडी गुडघ्यापर्यंत ओली होती. पाय उघडे होते. फरशीवर पाणी चमकत होतं, आणि जिथे चप्पल असायची तिथे काही नव्हतं.

मी ते सगळं पाहिलं. आणि मला वाटतं मी अजून झोपेतच होते, कारण मला बोलायचं होतं आणि आवाज पाण्याखाली असल्यासारखा वर येत नव्हता.

तिने एका हाताने कूलरची जाळी वर सरकवण्यासाठी कड धरली. आणि ती तशीच राहिली. ओरडली नाही. लोकांना वाटतं माणूस ओरडतं. तिचा चेहरा काहीतरी आठवायचा प्रयत्न करत असल्यासारखा झाला आणि तिचा हात कडेवर मिटला. पाइप खाली पडून सापासारखा वळवळत पाणी फेकू लागला.

"वयनी!" आत्या स्वयंपाकघरातून धावली, तिला ओढायला हात पुढे केलेले.

"हात लावू नका!"

तो आवाज माझा होता. घरात कुणी इतक्या मोठ्याने कधी बोललं नव्हतं. आत्या होती तिथे थिजली. मी दिवाणाच्या कोरड्या बाजूने भिंतीपर्यंत पोहोचले आणि कूलरचं बटन बंद केलं. पंखा मंदावला. मम्मीचा हात सुटला आणि ती पाण्यातच बसली.

ती जिवंत होती. श्वास घेत होती. हाताची बोटं आपोआप थरथरत होती, आणि तळव्यावर पत्र्याच्या कडेची एक पांढरी रेघ उमटली होती. आत्याने तिचं डोकं छातीशी धरलं आणि रडत रडत मलाच शिव्या घालू लागली, "मेली असती की गं माय, मेली असती," आणि मम्मी कशीबशी म्हणाली, "पाणी वाया चाललंय, नळ बंद करा कुणीतरी."

मी नळ बंद केला. मग गल्लीच्या टोकाच्या डॉक्टरांना बोलावून आणलं. ते तिची नाडी बघत होते, तेव्हा मी चप्पल घालून पुन्हा बाहेर पडले. कुठे जातेय हे कुणाला सांगितलं नाही.

स्टेशनच्या फाटकाजवळ एका वायरमनचं दुकान होतं. पांढरी दाढी, चष्म्याला दोरी, दुकानात पंख्यांची उघडी पोटं टांगलेली. गल्लीतले सगळे त्यांना चाचा म्हणत. मी त्या दुकानासमोरून हजार वेळा गेले असेन, पण आत कधी पाऊल टाकलं नव्हतं. आमच्या घराला वायरमन लागत नसे. त्या दुपारी रस्ता रिकामा होता, डांबर वितळून चकाकत होतं, आणि मी मनात हिंदी वाक्य जुळवत चालले होते. दारात उभी राहिले तेव्हा ते वाक्य नाहीसं झालं होतं.

"मम्मीला करंट लागला," मी मराठीतच म्हणाले. "कूलरचा."

त्यांनी हातातला पंखा खाली ठेवला. "ज़िंदा हैं ना वो? ठीक हैं?"

"हो."

"लाइट का काम किसने किया घर में?"

"पप्पांनी."

"पप्पा वायरमन हैं?"

मी मान हलवली. नाही.

"हौ," ते म्हणाले, अगदी थकल्यासारखं, आणि पिशवी उचलली.

घरी आल्यावर त्यांनी आधी मेन स्विच पाडला आणि पप्पांचा तो नीटनेटका बोर्ड उघडला. त्यात एक पांढरी पेटी आहे, ईएलसीबी म्हणतात तिला. करंट जिकडे जायला नको तिकडे जाऊ लागला की ती पापणी मिटायच्या आत खटकन पडते आणि घर बंद करते. चाचांनी तिच्याखालच्या वायरी बोटाने उचलून दाखवल्या. दोन वायरी पेटीत न जाता बाहेरूनच एकमेकींना जोडल्या होत्या, वर काळ्या टेपचे नीट वेढे. पेटी नुसती बसून होती.

मला आठवलं. दोन वर्षांपूर्वी कूलर नवीन आणला होता तेव्हा ती पेटी सारखी पडायची. पंखा सुरू झाला की खट, सगळा अंधार. पप्पा तीन दिवस वैतागले होते, आणि चौथ्या दिवशी म्हणाले होते, पेटीच खराब हाय, वायरीतून काढून टाकली. टॉर्च मीच धरली होती.

मग चाचांनी होल्डरला दोन वायरी लावलेला एक बल्ब काढला. मेन चालू करून एक टोक फेजला आणि दुसरं अर्थिंगला लावलं. अर्थिंग चांगलं असेल तर बल्ब लख्ख पेटायला हवा. तो पेटलाच नाही म्हणता येईल. आतली तार फक्त तांबूस झाली, झोपाळू डोळ्यासारखी.

"ज़मीन सूखी हैं. पानी कब डाला था इसमें?"

तेवढ्यात पप्पा दारात आले. डॉक्टरांनी कचेरीत फोन केला होता. ते धावत आले असावेत, शर्ट अंगाला चिकटला होता. त्यांनी दिवाणावर निजलेल्या मम्मीकडे पाहिलं, मग उघड्या बोर्डाकडे, मग चाचांकडे, आणि तोंड उघडलं. मला वाटलं, आता ते म्हणतील, दर रविवारी.

"मार्चपासून नाही घातलं," मी म्हणाले. "मी केस धुतले त्या पाण्यानं. काल मी खोटं बोलले."

आत्याने पदर तोंडाला लावला. मी फरशीकडे बघत होते. पप्पांचे बूट ओल्या फरशीवर उभे होते आणि ते बूट हलत नव्हते.

चाचाच बोलले, पण माझ्याशी नाही. "सुनो साब. बच्ची पानी डालती, तो झटका कम लगता. बस इतनाच. करंट तो पत्रे में आयाच था. अर्थिंग के भरोसे दो साल चल गए आप." त्यांनी पांढऱ्या पेटीवर नख वाजवलं. "ये जो हैं ना, ये चिल्लानेवाली चीज़ हैं. ये चिल्ला रही थी आपके घर में, के कूलर में खराबी हैं. आपने क्या किया? कूलर नहीं खोले. इसका मुंह बांध दिए."

"पेटी खराब होती," पप्पा म्हणाले. अगदी हळू.

"पेटी खराब नहीं थी."

"लायसनवाल्याची सही आहे आपल्याकडं. टेस्ट रिपोर्ट आहे."

"सही किया सो आदमी घर देखा था?"

पप्पांना कुणी गप्प केलेलं मी याआधी कधी पाहिलं नव्हतं. मला वाईट वाटायला हवं होतं आणि वाटलंही, पण त्याखाली काहीतरी सैल झालं, पाण्यातून डोकं वर काढल्यावर कान मोकळे होतात तसं.

कूलर बाहेर अंगणात नेऊन उघडला. दोष तळाशी सापडला: पाणी वर चढवणाऱ्या छोट्या पंपाच्या वायरीला एक जोड होता, टाकीच्या पाण्यात बुडालेला. त्यावर काळा टेप होता. कसून घातलेले वेढे, टोक नीट दाबलेलं. तो कुणी गुंडाळला असेल हे विचारायची गरज नव्हती. चाचांनी तो कापून पप्पांच्या तळहातावर ठेवला. तो पाणी पिऊन जळवेसारखा फुगला होता.

"बल्ब बदलो, फ्यूज बांधो, पंखा पोंछो," चाचा म्हणाले. "उत्ता काम आपका. बोर्ड के अंदर का, और पानी के नज़दीक का, वो लायसनवाले का. और जो सही करेगा उसको पहले घर में चाय पिलाओ, हर कमरा दिखाओ. फिर सही." आत्या मध्येच म्हणाली, "च्या मी टाकते, पण आधी त्या पेटीचं तोंड सोडा, भाऊ," आणि तेव्हा मम्मी त्या दिवशी पहिल्यांदा हसली.

संध्याकाळपर्यंत काम चाललं. पंपाला बिनजोडाची नवी वायर लागली, पेटी पुन्हा जोडली गेली. खड्ड्यात चार बादल्या पाणी गेलं, आणि माती ते इतका वेळ पीत राहिली की मला तिथे उभं राहवेना. चाचांनी पेटीवरचं छोटं बटन दाबून दाखवलं: खट, आणि सगळं घर एकदम थांबलं. महिन्यातून एकदा हे दाबायचं, आणि पडली नाही तर मला बोलवायचं, ते म्हणाले.

पप्पा जिन्याच्या पायरीवर बसले होते. मी जाऊन दोन पायऱ्या खाली बसले.

"मला सांगायचं ना," ते म्हणाले.

"तुम्ही रागावला असता."

ते बराच वेळ विचार करत राहिले. खोटं बोलायचं की नाही, याचा असावा. "रागावलो असतो," ते म्हणाले. मग, "रागावलो असतो, तर काय झालं असतं?"

त्यांनी मम्मीला काय सांगितलं ते मला माहीत नाही, पण रात्री त्यांनी तिचा तो हात आपल्या हातात घेऊन त्यावर खोबरेल तेल चोळलं, आणि दोघंही पंख्याकडे बघत होते.

चाचांनी जाताना आणखी एक नियम सांगितला होता. कूलरमध्ये पाणी ओतायच्या आधी नुसतं बटन बंद करायचं नाही, प्लग बोर्डातून बाहेर काढायचा. एकाने काढायचा, दुसऱ्याने ओतायचं. आणि काढणाऱ्याने तसं तोंडाने सांगायचं, ओतणाऱ्याला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "दिल में नहीं बोलना, बेटा," ते माझ्याकडे बघून म्हणाले होते. "मुंह से."

तीन दिवस मम्मी कूलरजवळ गेली नाही. चौथ्या दिवशी दुपारी ती हंडा घेऊन आली आणि दोन हात अंतरावर थांबली. आत्या दिवाणावर पाय पसरून बसली होती, पप्पा सुट्टी म्हणून घरीच होते. मी वाकून प्लग काढला.

"काढलाय," मी म्हणाले.

मम्मी हलली नाही. "ऐकू नाही आलं."

"काढलाय."

"नाही आलं गं."

हंडा जड होता, तिचे खांदे खाली ओढले जात होते, पण ती पुढे येत नव्हती. माझ्याकडे बघत होती. थट्टा करत नव्हती.

"काढलाय!" मी ओरडले. "प्लग माझ्या हातात आहे!"

"आता फुलंब्रीत बी ऐकू गेलं," आत्या म्हणाली.

मम्मी पुढे आली. तिने एक हात उलटा करून, बोटांच्या मागच्या बाजूने, पत्र्याला शिवून पाहिलं. मग हंडा वाकवला. टाकीत पाणी पडू लागलं, आधी पोकळ, मग भरत चाललेल्या आवाजाचं, आणि ते थांबेपर्यंत मी प्लग वर धरून, तिला दिसेल असा, तिथेच उभी राहिले.